टिपणिसांच्या घरची भरती-ओहोटी

१

शुभदाने दोनशे पानी वही आणून दिली, वर पेन दिलं आणि म्हणाली, "काका, लिहून काढा. तुम्ही गेल्यावर कोण सांगणार?" शिकलेली माणसं असं तोंडावर बोलतात. मी चौथीतून शाळा सोडली. मला लिहायचा कंटाळा आणि सांगायचा त्याहून जास्त. सांगितलं की लोक एकतर हसतात, नाहीतर अंगारा घेऊन दारात येतात. मला दोन्ही नकोत. पण ही बाई चार वेळा येऊन गेली, चहा पिऊन गेली, वही कोरी बघून तोंड पाडून गेली. तेव्हा एकदाचं लिहितो. "मी गेलो, मी पाहिलं" असं लिहिणार नाही, मी-मी करणारा माणूस मला आवडत नाही. भिवाजी असं लिहीन. भिवाजी म्हणजे मीच, चेंदणी कोळीवाड्यातला. बास.

साल त्र्याण्णव. भिवाजी सत्तरीला टेकला होता. बायको शेवंती आदल्या दिवाळीच्या तोंडावर गेली होती. तिने डोक्यावर पाटी घेऊन तीस वर्षं नौपाड्यात मासळी विकली, आणि तीसही वर्षं टिपणिसांच्या प्रमोदिनीबाईंशी भांडली. ही म्हणायची पापलेट ताजं आहे, ती म्हणायची डोळे बघ त्याचे, माझ्या सासऱ्यांचे बरे होते. अर्धा अर्धा तास. मग बाई आतून चहा आणायची आणि दोघी पायरीवर बसून प्यायच्या. शेवंती गेली तेव्हा बाई रिक्षा करून कोळीवाड्यात आली होती. भिवाजीशी एक शब्द बोलली नाही. शेवंतीच्या रिकाम्या पाटीपाशी बसली आणि उठून गेली.

पुढे माघात बाईलाच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

२

बाईचं माहेर मुरुडचं. झटक्यानंतर तिला एकच ध्यास लागला. अर्ध्यामुर्ध्या शब्दांत म्हणायची, "समुद्र. एकदा." डॉक्टर म्हणाले एवढा प्रवास झेपणार नाही. मुलगा सुधीर वागळे इस्टेटमध्ये कंपनीत इंजिनिअर. त्याने ठरवलं, आई समुद्राकडे जाऊ शकत नाही ना, मग समुद्र घरी आणू. सिंगापूरच्या मित्राकडून पुस्तक मागवलं आणि चार फूट लांब काचेची टाकी करून घेतली. गोड्या पाण्यातले सोनेरी मासे नव्हेत, खाऱ्या पाण्याचा खरा समुद्र.

पाणी हवं होतं अडीचशे लिटर. सुधीर कोळीवाड्यात आला.

"काका, आपल्या खाडीचं नको. स्वच्छ पाहिजे. बाहेरचं."

भिवाजीला आनंद झाला, पण तो दाखवायची सवय नव्हती. "पानी पाहिजे तर घरचा नळ सोड," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या मारुतीचा टेम्पो ठरवून सहा निळे ड्रम घेऊन अर्णाळ्याला गेला. अर्णाळा शेवंतीचं माहेर. तिचा भाऊ राघो अजून तिथे होता.

ज्येष्ठ लागला होता. पाऊस आला नव्हता, पण होड्या वर ओढून शाकारून झाल्या होत्या. कोळ्याची नाव एकदा वर चढली की नारळी पुनवेला नारळ पडेपर्यंत दर्यातून काही काढायचं नाही. हे कुणी शिकवत नाही, ते असतंच. राघो ड्रमकडे बघत राहिला.

"भावजी, आता नाय. नारल पडू दे, मग ने."

"पानी न्यायला आलोय. पानी म्हंजे मासली हाय का?"

"दर्यातूनच काढतंस ना?"

"दोन म्हयने ती म्हातारी काचेत काय बघंल, तुझं तोंड?"

राघोने नाक मुरडलं, पण लहान होडी काढली. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे जाऊन दोघांनी ड्रम भरले. पाणी हिरवं आणि आरपार स्वच्छ होतं. भिवाजीने बोट बुडवून चाटलं. बरोबर होतं.

३

टाकी बाईच्या खोलीत, तिच्या खुर्चीसमोर मांडली. खाली कवड्या-शिंपल्यांचा चुरा, वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात हवेचा पंप. पंप दिवसभर गुरगुरायचा. सुधीरने बाजारातून एक मेलेली कोळंबी आणून पाण्यात सोडली.

"हे काय?" भिवाजी म्हणाला.

"सडायला. नव्या पाण्यात आधी काहीतरी सडावं लागतं, काका. त्याचं विष होतं. ते खाणारे जंतू येतात, त्यांचं उरलेलं खाणारे दुसरे जंतू येतात. सगळं चक्र बसायला सहा आठवडे लागतात. मधे शेवाळ येतं, आधी तपकिरी, मग हिरवं. शेवाळ आलं की समजायचं, पाणी जिवंत झालं."

"चाळीस वर्षं कोलंबी सडू नये म्हनून मी पहाटे धावलो. आणि तू पुस्तक वाचून सडवतोस."

बाई खुर्चीत अर्ध्या तोंडाने हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा, असं सुधीरची बायको म्हणाली, हीच ती वहीवाली शुभदा.

शुभदा शाळेत शिकवायची, सुधीर कामावर. सकाळी बाईजवळ कामवाली असायची, ती अकराला जायची. तेव्हा ठरलं की दुपारी भिवाजीने यायचं, काचेचं शेवाळ पुसायचं आणि बाईला सोबत करायची. तसंही नाव वर होती आणि घरी बोलायला भिंती. भिवाजी स्टेशनचा पूल ओलांडून रोज साडेअकराला नौपाड्यात हजर. हातात जुन्या जाळ्याचा बोळा. काच घासायला त्याच्यासारखं काही नाही.

दहाव्या दिवशी शेवाळ आलं. सगळ्या काचेवर तपकिरी पूड बसल्यासारखं. बाई डाव्या हाताने खूण करायची, "पूस." भिवाजी पुसायचा. "इथे," ती म्हणायची. "तिथे. आंधळा." भिवाजी म्हणायचा, "बाय, शेवंती गेली तर आता माझ्याशी भांडतंस?" ती डोळे मिटून घ्यायची. पण रागाने नव्हे.

त्या दुपारी बऱ्या होत्या, हे लिहिलं पाहिजे. पुढचं वाचून कुणाला वाटेल तिथे सगळं भीतीचंच होतं. तसं नव्हतं.

४

पहिली खोट रेघेची.

तिसऱ्या आठवड्यात शेवाळ हिरवं झालं, केसासारखं लांब. पण सगळ्या काचेवर सारखं नाही. खाली तपकिरी. मग एक आडवी रेघ, सुतारानं आखावी तशी. तिच्यावर वीतभर हिरवा पट्टा. मग दुसरी रेघ. वर कोरी काच.

मीठबंदराच्या धक्क्याला जुने खांब आहेत, त्यांच्यावर असाच पट्टा असतो. खालची रेघ ओहोटीची, वरची भरतीची, मधे शेवाळ. रोज दोन वेळा भिजतं आणि दोन वेळा सुकतं तिथेच ते तसं वाढतं. भिवाजीने सत्तर वर्षं तो पट्टा बघितला होता. पण टाकीतलं पाणी चढत-उतरत नव्हतं. काठोकाठ होतं, तसंच होतं.

त्याने पट्टा घासून काढला. दुसऱ्या दिवशी तो परत तिथेच.

सुधीर म्हणाला, "बाष्पीभवन होतं काका. रोज अर्धं बोट पाणी उडतं, मी वर गोडं घालतो. त्याची रेघ."

"अर्धं बोट उडतं. पट्टा वीतभर हाय."

"ट्यूबचा उजेड वर जास्त, खाली कमी. म्हणून."

सुधीर हुशार माणूस. भिवाजीने मान डोलावली. पण अष्टमीला पट्टा अरुंद झाला, चार बोटांचा. अष्टमीला दर्या कमी हलतो, आमच्यात त्याला भांग म्हणतात. मग अमावस्या आली, उधाण आलं, आणि टिपणिसांच्या काचेवरचा पट्टा वाढून हातभर झाला. ट्यूबलाइटला तिथी कळत नाही.

पाणी हललेलं मात्र भिवाजीने एकदाही बघितलं नाही. तो बघत बसायचा. पाणी गुमान उभं असायचं, आपण बघतोय हे त्याला माहीत असल्यासारखं.

५

मग बाईचं बोलणं.

अमावस्या-पुनवेला आमच्या बाजूला भरती दुपारी बाराच्या सुमारास, पुढे रोज पाऊण तास उशिरा. त्या दिवसांत दुपारी बाईची जीभ सुटायची. भांगाच्या दिवसांत दुपारी ओहोटी, तेव्हा ती गोणीसारखी पडून. भिवाजीने हे बोटांवर मोजलं, मग परत मोजलं, मग स्वतःवर चिडला. आजारी माणसाचे बरे-वाईट दिवस असतातच. त्यात दर्याचा काय संबंध?

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी तो आला तर बाई टाकीकडे तोंड करून बसलेली. तिच्या तोंडासमोर काचेवर ताटाएवढा भाग स्वच्छ. बाकी सगळी काच हिरवी.

"कुणी पुसली?"

"तूच पुसतोस ना?" बाई म्हणाली. शब्द धडधडीत, झटक्याच्या आधीसारखे. "तुझ्याआधी शेवंती येऊन गेली."

त्याने बोळा ओला केला.

"रिकामी पाटी घेऊन आली होती. म्हटलं, काय गं, एवढी लांबून आलीस आणि एक बोंबील नाही? तर म्हणते, बाय, नारळ पडला नाही अजून. मी म्हटलं, मग आलीस कशाला, माझं डोकं खायला?"

आणि बाई खळखळून हसली.

भिवाजीने काचेवर हात फिरवला. बाहेरून कोरडी, स्वच्छ. शेवाळ आतून निघालं होतं. वर झाकण होतं, झाकणावर सुधीरचं जाड पुस्तक होतं. त्याने सुधीरला संध्याकाळी विचारलं. सुधीर म्हणाला, पाण्याबरोबर एखादा शंख आला असेल, शंखातला जीव शेवाळ खातो. भिवाजीने शंख बघितलेत. शंखाची वाट वेडीवाकडी असते, दारू पिऊन घरी निघाल्यासारखी. इथे फटकारे सरळ होते, वरून खाली, चार बोटांचे. चौथं बोट प्रत्येक वेळी शेवटी बाहेर वळलेलं.

शेवंतीच्या उजव्या करंगळीवर कोयती बसली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ती कधी सरळ झाली नाही. कंदिलाची काच पुसली की काचेवर असाच फराटा उठायचा आणि भिवाजी तिला चिडवायचा.

त्याने ते सगळं घासून टाकलं. घरी गेला, जेवला नाही.

६

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला आणि टाकीजवळ स्टूल ठेवून बसला. ठरवूनच बसला की आज काय ते बघायचं. दुपारी दीड. नौपाडा झोपलेला. खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, तेही थांबलं. मग वीज गेली.

पंप बंद पडला. दीड महिना त्याचं गुरगुरणं चालू होतं. ते थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

आणि आवाज आला. बांधलेल्या होडीच्या पोटाखाली पाणी डचमळतं तो. डुचुक. थांबून. डुचुक. भिवाजीला वाटलं गच्चीवरच्या टाकीतून. तो जिने चढून वर गेला, झाकण उघडून बघितलं. पाणी आरशासारखं शांत. खाली आला. खोलीच्या दारातूनच आवाज ऐकू येत होता.

बाई बोलत होती. "अगं, मला कुठे चालता येतंय? … हो, ते खरं. पाण्यात काय चालायचं… मुरुडला दुपारपर्यंत पोचू का?"

भिवाजी आत आला. टाकीतलं पाणी जिथल्या तिथे. पण केसासारखं सगळं शेवाळ एका बाजूला झुकलेलं, ओढीला लागल्यासारखं. सगळं बाईच्या बाजूला.

"बाय, कुणाशी बोलतंस?"

"तुझ्या बायकोशी. पुनवेला नारळ पडला की नावा सुटतात. मला घेऊन जाते म्हणते माहेरी." तिचे डोळे लहान पोरीसारखे चमकत होते. "सुधीरला सांगू नको. तो सोडायचा नाही."

भिवाजीने खाली बघितलं. तिच्या पातळाचा काठ ओला होता. लादी कोरडी. त्याने काठ चिमटीत धरून पिळला, बोट चाटलं.

पाणी खारं होतं. अर्णाळ्याचं.

७

आता ज्याला त्याला वाटेल की भिवाजी घाबरला. घाबरला, नाही कशाला म्हणू. पण आधी त्याला दुसरंच वाटलं. शेवंती इथे आहे, एवढंच. कशी, कुठून, ते राहू दे. आहे. पुनवेला तेरा दिवस होते. तेरा दुपारी. त्याने सात दुपारी कुणालाच काही सांगितलं नाही. दाढी करून, धुतलेला सदरा घालून तो नौपाड्यात जाऊन बसला. भांगाचे दिवस आले, पाणी मेलेलं, काच आंधळी, बाई पडून. तरी बसला.

आठव्या दिवशी शुभदाने बाईचे पाय चोळताना त्याला हाक मारली. "काका, हे बघा ना. आईंचे तळवे." तळव्यांची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली, जाळं ओढताना पाण्यात दिवस काढलेल्या माणसाची असते तशी. बाई कधीची पलंग-खुर्ची एवढंच करत होती.

भिवाजीला स्वतःची लाज वाटली. धुतलेला सदरा घालून आपण दुसऱ्याची आई घालवायला निघालो.

संध्याकाळी त्याने सुधीरला दारातच गाठलं. "ही टाकी उपस. पानी मी परत नेऊन टाकतो. पुनवेच्या आत."

"काका, काय बोलताय? सहा आठवड्यांचं चक्र आत्ता पुरं झालंय! विष शून्यावर आलंय, हे बघा, नळीतला रंग बघा. पुढच्या आठवड्यात मासे येतायत."

"मासे आनू नको. तुझी आई जाईल."

"कुठे जाईल?"

भिवाजीने सांगितलं. सगळं, पट्ट्यापासून पातळापर्यंत. सुधीर ऐकता ऐकता लाल झाला.

"आई बोलायला लागली, हसायला लागली, हे तुम्हाला बघवत नाही? तुमची बायको गेली म्हणून सगळ्यांच्या घरात भुतं दिसायला लागली का? वेड लागलंय तुम्हाला. उद्यापासून येऊ नका."

भिवाजीने जाळ्याचा बोळा तिथेच टाकला आणि पूल ओलांडून घरी आला. कुणी हाकललेल्या दारात परत न जाण्याचा त्याचा स्वभाव. त्यात चूक काही नाही.

८

पुनवेच्या सकाळी कोळीवाड्यात बँड लागला. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पालखीत बसला, बाया नवी पातळं नेसून निघाल्या. भिवाजी ओट्यावर बसून होता. तेवढ्यात शुभदा धापा टाकत आली.

"काका, हे बोलले ते मनावर घेऊ नका. राखीला डोंबिवलीला भावाकडे जायचंय, ह्यांनाही बोलावलंय, आणि कामवाली आली नाही. आईंना एकटं टाकून कशी जाऊ? दोन तास बसा. मी यांना काही सांगत नाही."

भिवाजीने ओट्यावरून हाक मारली. "मारुती! टेम्पो काढ. आणि ते ड्रम चढव."

सव्वाअकराला तो बाईच्या खोलीत शिरला. बाईने नवं पातळ नेसलं होतं, कपाळाला कुंकू, केसांत अबोलीचा गजरा. शुभदाने सणाचं म्हणून घातलं असेल. खुर्ची टाकीला चिकटलेली.

"तू कशाला आलास?" बाई म्हणाली. "तिला उशीर होईल."

पंप चालू होता आणि तरी ऐकू येत नव्हता. डचमळ त्याहून मोठी होती. दूरवर, स्टेशनच्या बाजूला, बँड वाजत होता. सगळी काच हिरवी गच्च. आणि भिवाजीच्या डोळ्यांदेखत आतून एक फटकारा उठला, वरून खाली. मग दुसरा. मग तिसरा. कडेला बाहेर वळलेली करंगळी. जागा ताटाएवढी झाली, परातीएवढी झाली.

त्यातून काय दिसलं ते भिवाजीने पुढे कुणाला नीट सांगितलं नाही, आणि आजही सांगता येत नाही. टाकी दीड फूट रुंद, तिच्या मागे भिंत. पण त्या पुसलेल्या जागेतून भिंत दिसत नव्हती, खूप लांबचं हिरवं दिसत होतं. आणि जवळ, अगदी जवळ, एक पाठ. मानेवरचा अंबाडा. पातळाची ती गाठ, जी एकाच बाईला तशी मारता यायची.

"शेवंते," भिवाजी म्हणाला.

ती वळली नाही. बाईकडे तोंड होतं तिचं. गिऱ्हाइकाशी बोलताना भिवाजी मधे काही विचारायला गेला की ती मागे न बघता एक हात पाठीशी नेऊन पंजा उघडायची. थांब. गप. काम चाललंय. तोच पंजा उघडला.

भिवाजी थांबला. चाळीस वर्षांची सवय. थांब म्हटलं की थांबायचा. किती वेळ गेला ठाऊक नाही. त्याला वाटलं ही आता बोलणं संपवेल आणि वळेल. नेहमी वळायची.

मग त्याला बाईचा उजवा हात दिसला. मेलेला हात. तो उचललेला होता, आणि मनगटापर्यंत काचेच्या पलीकडे होता. काच फुटली नव्हती. झाकणावर पुस्तक तसंच होतं. नुसता हात आत, आणि त्याच्यामागून हळूहळू कोपर निघालेलं, खुर्चीवरून खांदा उठत असलेला, आणि बाईच्या तोंडावर इतका आनंद की बघवेना.

भिवाजीपुढे दोनच गोष्टी होत्या. अजून थोडं थांबला असता तर ती वळली असती. पण तोवर खुर्ची रिकामी झाली असती.

त्याने बाईला कमरेला धरून मागे ओढलं. दोघं लादीवर पडले. तो तसाच उठला, झाकण फेकलं, रबरी नळी पाण्यात खुपसली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. तोंडभर दर्या आला. नळी ड्रममध्ये सोडली. पाणी नळीतून येतं तसं आलं नाही. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी ओढ लागते तसं आलं, नळी हातात ठरेना. लादीवरून बाई डाव्या हाताने त्याच्या पाठीवर बुक्क्या घालत होती, "मेल्या! मेल्या! बोलावलंय तिने मला!" आणि मग बोलता बोलता तिचे शब्द जड झाले, अर्धे झाले, आणि नुसतं रडणं उरलं.

टाकीकडे त्याने मान वर करून बघितलं नाही. ड्रमच भरत राहिला.

९

शुभदा परत आल्यावर टेम्पो निघाला, संध्याकाळी अर्णाळ्याला राघो किनाऱ्यावरच भेटला. नारळ पडायच्या आधी दोघांनी होडी काढली आणि सहाही ड्रम होते तिथे रिकामे केले. शेवटचा ओतताना भिवाजीने हात आखडला. राघो म्हणाला, "भावजी. ओत." त्याने ओतला. थोडा वेळ बघत राहिला. पाणी होतं, बाकी काही नाही.

सुधीर घरी आला तेव्हा टाकी रिकामी, शेवाळ सुकून काचेवर चिकटलेलं, आणि आईचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा आणि सुरकुतलेला. तो हात त्याने बराच वेळ हातात धरून ठेवला, असं शुभदा सांगते. पंधरा दिवसांनी तो कोळीवाड्यात आला, भिवाजीच्या ओट्यावर बसला, आणि शिकलेला माणूस असून सरळ म्हणाला, "काका, चुकलो. माफ करा." भिवाजीने त्याला चहा दिला. विषय संपला.

बाई महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस शुभदाला अर्ध्या शब्दांत म्हणाली, बोंबील आण, भिवाजीकडचेच, आणि त्याला सांग, बुक्क्या जरा जोरात बसल्या. पुढे ती अडीच वर्षं जगली. मुरुडला गेली नाही. भिवाजी दुपारी जायचा, ती खुर्चीत, तो स्टुलावर. टाकी माळ्यावर गेली होती. दोघं भिंतीकडे बघत बसायचे आणि भांडायचे. ती चतुर्थीच्या दिवशी, आपल्या पलंगावर, सुधीरच्या हातून पाणी पिऊन गेली. माणसानं जावं तशी.

राघोनेही, खरं तर, कधीतरी दारू पिऊन कबूल केलं की तोही होडी काढायला तयार झाला, तेव्हा अर्धी चूक त्याची. म्हणजे सगळ्यांचं झालं. भिवाजीच्या मनात कुणाविषयी काही नाही.

एक राहिलंय. दीड महिना ती दर भरतीला नौपाड्यात आली. पूल ओलांडला की कोळीवाडा, चालत दहा मिनिटं. घराला कुलूप नसतं. भिवाजी रोज दारात पाणी भरून ठेवतो, पिंप आहे, घागर आहे, यायला काय झालं होतं? बरं, नाही आली. पण समोर उभा राहून नावानं हाक मारली, तर गिऱ्हाइकाकडे तोंड करून नवऱ्याला पंजा दाखवते. चाळीस वर्षं संसार केला आणि मान वळवून बघितलंसुद्धा नाही. बाईने माफी मागितली, सुधीरने मागितली, राघोने मागितली. भिवाजी आता ऐंशीच्या पुढे गेलाय, फार दिवस थांबणार नाही. भेट झाली की पहिली गोष्ट ती, मग बाकीचं बोलणं. माफी मागायची राहिली आहे ती एकट्या शेवंतीने.